गावाभोवती प्लॉटिंग पसरतंय. ग्रामसभेच्या हातात काय आहे?

तुमचा प्रश्न असा: गाव पुण्याच्या पूर्वेला, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. तीन वर्षांत गावाच्या चारी अंगांना प्लॉटिंगचे फलक लागले, ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा आल्या आणि उन्हाळ्यात नव्या वस्त्यांकडे टँकर पळायला लागले. आता ग्रामसभेत 'यापुढे गावात प्लॉटिंग बंद' असा ठराव घ्यायचा विचार आहे. तो टिकेल का, आणि टिकणार नसेल तर गावानं करायचं काय? शिवाय कर्जापायी जमीन विकायला निघालेल्या शेतकऱ्याला काय सांगायचं, हेही तुम्ही पत्रात विचारलंय.

टिकणार नाही. जमीन विकणं हा मालकाचा हक्क आहे, ग्रामसभा कुणाचं खरेदीखत अडवू शकत नाही. हिवरे बाजारनं बाहेरच्याला जमीन विकायची नाही असं ठरवलं आणि पाळलंही, हे खरं. पण त्या ठरावाच्या मागे पाणलोटाची वर्षानुवर्षांची कामं होती, शेतीत पैसा दिसायला लागला होता आणि दाराशी पुण्यासारखं शहर नव्हतं. तुमच्याकडे जिरायत एकर दहा वर्षं कसून मिळणार नाही एवढी रक्कम एका सहीत मिळते. तिथे बंदीचा ठराव म्हणजे सरळ माणसांनी थांबायचं आणि बाकीच्यांनी रात्रीत मुरूम टाकायचा.

नगररचनेत मी तेहतीस वर्षं काढली, आधी नोकरीत आणि नंतर सल्लागार म्हणून. त्यातून एवढंच कळलं, की शहराशेजारचं गाव वाढणार की नाही हे गावाच्या हातात नसतं. कशाच्या मागून काय यावं, हे मात्र बऱ्याच अंशी असतं. आज तुमच्याकडे क्रम असा आहे: आधी प्लॉट, मग घर, मग टँकर, मग रस्त्यासाठी उपोषण आणि शेवटी नियमितीकरण. हा उलटा केला तर गाव वाढेल, पण विस्कटणार नाही.

आधी विस्कटतं कसं ते पाहू. एजंट पाच एकर उचलतो, मधोमध वीस फुटांची वाट काढतो आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो. वाट त्याच्या बांधापर्यंत जाते आणि थांबते. शेजारच्या गटात दुसरा एजंट, त्याची वाट वेगळ्याच दिशेला. नियमानं ४० आर, म्हणजे साधारण एक एकर, आणि त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून बरेच जण ३८-३९ आरचे गट करूनच पुढे जातात. शाळा-दवाखान्यासाठीच्या सुविधा क्षेत्राचा प्रश्न तर दोन हेक्टरांच्या वरच येतो. असे पन्नास गट झाले की पन्नासेक एकरांची वस्ती तयार होते आणि तिच्यात एक मैदान नसतं.

यात माझाही हात आहे. नोकरीत असताना मी रीतसर रेखांकनाच्या फायली तपासल्या. प्रत्येक फाईल नियमात बसायची. रस्त्याची रुंदी बरोबर, प्लॉटच्या हद्दीपासून सोडायचं सामासिक अंतर बरोबर, खुली जागा बरोबर. पण शेजारची फाईल उघडून दोन्हीचे रस्ते जुळतात का, हे मी दर वेळी पाहिलं नाही, तसं कुणी विचारतही नव्हतं. दहा वर्षांनी त्याच भागात गेलो तर मी मान्य केलेल्या दोन रेखांकनांचे रस्ते एका कंपाउंडच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी येऊन टेकले होते. भिंतीपलीकडची शाळा दोनशे मीटरवर, पण पोरांना हमरस्त्यावरून वळसा घालून दोन किलोमीटर जावं लागायचं. साहजिकच प्रत्येक घरात दुचाकी. आपण म्हणतो लोकांना गाड्यांचा शौक. तिथे तो शौक मी मंजूर केला होता.

लोकांना वाटतं पसरण्याचा तोटा म्हणजे शेतजमीन जाते. तो आहेच, पण ग्रामपंचायतीचं कंबरडं मोडतं ते लांबीमुळे. साधा हिशेब करा. प्लॉटची दर्शनी बाजू ४० फूट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट. म्हणजे एका घराच्या वाट्याला २० फूट रस्ता, २० फूट पाइप, २० फूट गटार. पण गुंतवणुकीच्या प्लॉटिंगमध्ये चारातल्या एखाद्याच प्लॉटवर घर उभं राहतं, बाकीचे भाव वाढायची वाट बघत गवत वाढवतात. तेव्हा राहत्या घरामागची लांबी ८० फूट होते. त्याच प्लॉटांवर सहा-सहा घरांच्या तीन मजली इमारती असत्या, तर घरामागे साडेतीन फूटही लागले नसते. घरपट्टी देणारं घर एकच आणि पाइप वीस-पंचवीस पट. मग पाणी टँकरनं येतं यात नवल काय.

सरकार यावर कायदे करतंच की, असं कुणी म्हणेल. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. तो असतानाच गुंठ्या-गुंठ्यानं व्यवहार झाले, कधी सामायिक खरेदी करून, कधी नोटरीच्या कागदावर. मग २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतची गुंठेवारी नियमित करायला. २०२१ मध्ये ती तारीख पुढे सरकून ३१ डिसेंबर २०२० झाली. २०२५ मध्ये तुकडेबंदीतही सवलत देऊन जुने व्यवहार नियमित करायचं ठरलं. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून दीड गुंठा घेतला त्यांना बेघर करा असं मी म्हणणार नाही. पण या सगळ्यातून बाजार एकच धडा शिकला: आज बेकायदा असलेलं पाच-दहा वर्षांत कायदेशीर होतं. तेव्हा नुसत्या मनाईवर विसंबू नका.

मग सुरुवात कुठून? गाव नकाशापासून. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्याची प्रत मिळते. त्यात तुटक दुहेरी रेषा दिसते तो गाडीमार्ग, नोंदीप्रमाणे साडेसोळा ते एकवीस फुटांचा. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. आज यातले निम्मे रस्ते नांगराखाली गेले असतील, कुणी विहिरीचा कठडा पुढे आणला असेल, कुणी प्लॉटिंगचं कंपाउंड घातलं असेल. पण नकाशावर ते आहेत, आणि ते सलग आहेत. एजंटाच्या वाटेसारखे मध्येच संपत नाहीत. अडवलेली वहिवाट मोकळी करायला तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. मोजणी करून, हद्दीचे दगड रोवून हे रस्ते आत्ताच मोकळे केले, तर वीस वर्षांनंतरच्या उपनगराचा सांगाडा तुम्ही फुकटात राखून ठेवलात. पुण्याच्या कित्येक उपनगरांत आज जे मुख्य रस्ते म्हणून कोंडतात ते पूर्वीचे बैलगाडीचेच रस्ते आहेत. रुंद करायची वेळ आली तोवर दोन्ही बाजूंना बंगले झाले होते.

ओढ्यांचंही तसंच. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. ते नकाशावर काढून घ्या. ओढा बुजवून प्लॉट पाडायचा प्रकार उन्हाळ्यात होतो, तक्रार पहिल्या पावसानंतर होते.

आता आराखड्याकडे येऊ, कारण रस्त्याला कायद्याचं बळ तिथूनच मिळतं. तुमचं गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या, हद्दीत असणार. हे प्राधिकरण २०१५ साली झालं, त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो रद्दच केला. मधल्या काळात प्लॉटिंग काही थांबलं नाही. आराखडा उशिरा येतो तेव्हा तो भविष्य आखत नाही, झालेल्या गोष्टींची नोंद करतो. नवा आराखडा येईल तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकतींना तीस दिवस मिळतील. तीस दिवसांत गाव अभ्यास करू शकत नाही, फक्त ओरडू शकतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा हरकती ८० हजारांच्या वर गेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच म्हणजे 'माझ्या गटावरचं आरक्षण काढा' अशाच असतात. सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे अशा हजार अर्जांपेक्षा एका गावाचा एकच नकाशा जास्त वजनाचा ठरतो: हे आमचे रस्ते, हे ओढे, इथे शाळेची जागा आम्हीच देतो, इथे वाढ होऊ द्या आणि या बागायतीवर निवासी विभागाचा पिवळा रंग फासू नका. अशी मागणी मी सुनावणीत दोनदाच पाहिली. दोन्ही वेळा समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले होते.

'हिरव्याचं पिवळं करून देतो', म्हणजे शेती विभाग निवासी करून देतो, म्हणणारे तुमच्याकडेही येत असतील. त्यावरून गोव्याची गोष्ट सांगतो. तिथे २०११ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी आंदोलन करून २००७ च्या जानेवारीत मागे घ्यायला लावला. त्यानंतर २०२१ चा आराखडा करताना गावागावांतून मतं मागवली गेली, पर्यावरणदृष्ट्या नाजूक भाग वेगळे दाखवले गेले. लोक जिंकले म्हणायला हरकत नव्हती. मग नगर व ग्रामनियोजन कायद्यात एकेक कलम घालून गटवार विभाग बदलायची सोय झाली. २०२३ मध्ये आलेलं कलम १७(२) त्यातलंच, म्हणायला आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायला. त्याची नियमावली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२५ च्या मार्चमध्ये रद्द केली, तोवर बऱ्याच जमिनींचे रंग बदलून झाले होते. आपल्याकडे असे फेरबदल त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ किंवा कलम २० खाली होतात आणि त्यांच्या सूचना राजपत्रात व वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात येतात. गावातल्या दोन शिकलेल्या पोरांना हे वाचायचं काम नेमून द्या. गंमत नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

आता मूळ अडचण. रस्ता, मैदान, शाळा हे सगळं कुणाच्या तरी जमिनीवर येणार. ज्याच्या गटावर रेघ आली तो बुडाला आणि शेजाऱ्याचा गट 'रोड टच' झाला. म्हणून प्रत्येक जण आराखड्याशी भांडतो. यावर आपल्याकडे १९१५ सालच्या मुंबई नगररचना कायद्यापासून एक उत्तर आहे, नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. शे-दोनशे एकरांतल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे अंतिम भूखंड करून प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात परत द्यायची. सगळ्यांची सारखी कात्री, सगळ्यांना रस्ता. समजा चाळीस टक्के जमीन सोडावी लागली. एकरवाल्याकडे ४० गुंठ्यांचे २४ उरले. गुंठ्याचा भाव पावणेदोन पटीला पोचला की तो फायद्यात, आणि आडरानातल्या तिरक्या पट्ट्याला रस्ता-गटार लागलं की भाव सहसा त्याच्या वरच जातो.

गुजरातनं ही पद्धत सोडली नाही. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड झाला तो मोठ्या प्रमाणावर अशाच योजना आखून, शेतकऱ्यांच्या संमतीनं. महाराष्ट्रात आपण मध्ये कित्येक वर्षं ती बासनात ठेवली. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माणला सुमारे अडीचशे हेक्टरांची योजना घेतली, निम्मी जमीन विकसित करून परत देण्याच्या बोलीवर. आता तुमच्या बाजूला रिंग रोडची चाहूल आहे, त्याच्या नावानं प्लॉट विकलेही जातायत. पहिल्या सव्वाशे घरांआधी योजना आखली तर ती होते. नंतर प्रत्येक अंतिम भूखंडावर कुणाची तरी भिंत उभी असते.

सरकारची वाट न पाहता हेच करून दाखवलं ते मगरपट्ट्यानं. हडपसरची शेती शहराच्या वाढीच्या टापूत आली तेव्हा शेजारपाजारच्या जमिनी तुकड्या-तुकड्यानं विकल्या जात होत्या. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र केले आणि कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. पैसा एकरकमी हातात येऊन गाडी-बंगल्यात गेला नाही, आणि घरातल्या पोरांनी बांधकामाला लागणारा माल पुरवण्यापासून इतर ठेक्यांपर्यंत धंदे उभे केले. माझ्या दृष्टीनं मगरपट्ट्यातली इमारतींपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे ते शेअरचं रजिस्टर. एक दोष मात्र सांगायला हवा. फाटकाआडची वसाहत शहराचे रस्ते पुढे नेत नाही, तिथेच थांबवते. तुम्ही एकत्र आलात तर रस्ते आरपार ठेवा. शिवाय तिथे एकाच आडनावाची, एकमेकांच्या नात्यातली घरं पुष्कळ होती. तुमच्या गावात सातबाऱ्यावर सोळा-सोळा नावं असतील, बहिणींच्या हिस्स्याचे दावे असतील. त्यामुळे सबंध गावाचं नाव न घेता ज्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत आणि बोलणं चालू आहे अशा तीस-चाळीस एकरांपासून सुरू करा.

पाणी हा दुसरा लगाम आहे आणि तो थेट पंचायतीच्या हातात आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावच्या लोकांनी १९५९ साली मतदान करून ठरवलं, की ५,७५० फूट उंचीच्या वर नगरपालिकेचं पाणी चढवायचं नाही. डोंगरावर बांधायला मनाई केली नाही, फक्त पाणी नाही म्हणाले. डोंगर राहिला. १९६७ मध्ये मोकळ्या जमिनी विकत घ्यायला स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. पण पुढची बाजूही बघा. गावाच्या आत पुरेशी घरं होऊ दिली नाहीत, भाव आकाशाला भिडले आणि तिथे काम करणारी माणसं लांबच्या गावांतून गाड्या हाकत येऊ लागली. पसरणं थांबलं नाही, शेजाऱ्याच्या अंगणात गेलं.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते असं: पंचायतीनं पाण्याची हद्द नकाशावर काढावी. या रेषेच्या आत योजनेची नळजोडणी, मीटरसह. बाहेर अमुक वर्षांपर्यंत नाही, हे प्लॉट विकायच्या आधी जाहीर करावं आणि फलक लावून सांगावं. आज उलट होतं. विकणारा 'पाणी येणार' म्हणतो, घेणाऱ्याला गाठीशी बोअर आणि टँकर उरतो, आणि तो मतदार झाला की पंचायत पाइप ओढत त्याच्या मागे पळते. त्याच वेळी रेषेच्या आत, गावठाणात आणि त्याला लागून, तुम्ही मोकळ्या मनानं वाढ होऊ द्यायला हवी. गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही, अशी जमीन महसूल संहितेत सोय आहेच. पडके वाडे, भावकीच्या वादात अडकलेल्या जागा, भाड्यानं दोन खोल्या काढता येतील अशी परसं, यात पंचवीस-पन्नास कुटुंबं सहज मावतात. एमआयडीसीत कामाला येणारा भाडेकरू प्लॉट घेत नाही, त्याला खोली लागते. 'बाहेरची माणसं गावात नकोत' म्हणणारं गाव त्यांना रानात वसवतं आणि तिथवरचा पाइप स्वतःच्या पैशानं टाकतं.

महापालिकेत गेलो की सगळं सुटेल, असाही एक सूर तुमच्या पत्रात आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात गेली. पाणी आणि मैलापाणी अजून त्यांच्या मागे धावतंय. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पहिलं बोट विहिरीच्या पाण्याकडेच गेलं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर करांना वैतागून बाहेर पडली, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगर परिषद झाली. हद्दीचं नाव बदलल्यानं पाइपची लांबी कमी होत नाही.

आणि अर्धा प्रश्न पुण्यानंच सोडवायचा आहे, तो तुमच्या माथी मारणं अन्याय होईल. मेट्रो २०२२ पासून धावतेय, स्थानकांभोवती पाचशे मीटरांत जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची मुभा, दिलाय. पण तिथे उभी राहतात ती महागडी घरं आणि त्यांच्याखाली तीन मजले पार्किंग. तीसेक हजार पगाराच्या माणसाला शहरात खोली मिळत नाही म्हणून तो तुमच्या रानातला दीड गुंठा हप्त्यानं घेतो. लोकांनी लावून धरलं तर शहरही ऐकतं. टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण नागरिकांच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यानं टिकलं. मात्र टेकडी वाचवायला जितके पुणेकर जमतात, त्यांतले थोडे तरी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी जमलेले मला अजून पाहायचेत.

शेवटी तुम्ही विचारलेल्या त्या शेतकऱ्याबद्दल. तीन एकर, कर्ज, मुलीचं शिक्षण, आणि एजंट दर आठवड्याला दारात. त्याला 'विकू नको' सांगू नका. तो ऐकणार नाही आणि ऐकावं असंही नाही. सगळं एकदम विकण्याऐवजी रस्त्याकडचा एकच भाग, रीतसर रेखांकन करून, बिनशेती करून विकायला बसवा. कागद सरळ असेल तर बँक कर्ज देते आणि गुंठ्याला भावही बरा मिळतो. मोजणीची फी आणि नकाशाचा खर्च चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केला तर रस्ताही एकच काढता येईल. त्याच्या गटातून गाव नकाशावरची दुहेरी तुटक रेषा जाते का, ते मोजणीवाला येण्याच्या आधी बघून ठेवा.